अ‍ॅप की वेबसाइट? आधी गिऱ्हाईक बघा!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिस सुटलंय, हातात कटिंग आहे आणि ग्रुपमधला एक जण जाहीर करतो, ‘‘बॉस, नोकरी सोडतोय. स्टार्टअप!’’ आयडिया झकास असते. ऑफिसवाल्यांना घरगुती डबा. पार्टनर ठरलेला, सहा महिन्यांपुरती सेव्हिंग्ज तयार. गाडी अडते एकाच प्रश्नावर. मोबाइल अ‍ॅप काढायचं की वेब अ‍ॅप? तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, ‘‘अ‍ॅप नाही, तर स्टार्टअप कसला?’’

थांबा! एफडी मोडण्याआधी जरा हिशेब मांडू या.

लिंक टाका, काम सुरू

वेब अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की कुठल्याही फोनवर उघडतं. डाउनलोडची कटकट नाही. आज मेनू बदलला, तर तो लगेच सगळ्यांना दिसतो. मोबाइल अ‍ॅपचं तसं नसतं. अँड्रॉइड आणि आयफोन, दोघांचेही लाड पुरवायचे. गूगलला एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर. ही तर किरकोळ रक्कम. खरा खिसा रिकामा होतो तो अ‍ॅप बनवण्यात आणि सांभाळण्यात.

मोठ्यांनाही ठेच

‘मिंत्रा’नं मे २०१५मध्ये वेबसाइट बंद करून ‘फक्त अ‍ॅप’चा फंडा आणला. जून २०१६मध्ये डेस्कटॉप साइट पुन्हा सुरू करावी लागली. त्यांची मालक कंपनी ‘फ्लिपकार्ट’नं तर नोव्हेंबर २०१५मध्येच ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणलं होतं. चालतं ब्राउझरमध्ये, पण आयकॉन होमस्क्रीनवर! यालाच म्हणतात प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप. कमी पैशांत दोन्हीकडची मजा.

मग अ‍ॅप नकोच?

असं कुठे म्हटलं? टॅक्सी बोलावण्याचा धंदा असेल, तर ड्रायव्हरचा फोन खिशात असतानाही लोकेशन मिळायला हवं. तिथे ब्राउझर हात टेकतो. आयफोनवर वेब अ‍ॅपची नोटिफिकेशन्स २०२३पासून मिळू लागली, पण आधी आयकॉन होमस्क्रीनवर ठेवावा लागतो. तेवढी तसदी किती जण घेतील?

म्हणून स्वतःला दोनच प्रश्न विचारा. गिऱ्हाईक तुमच्याकडे रोज येणार की महिन्यातून एकदा? आणि ब्राउझरला जमत नाही असं काही तुम्हाला खरंच लागतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर बिनधास्त अ‍ॅप काढा. नसेल, तर आधी लिंकवर ५० गिऱ्हाइकं जमवा. ती रोज परत यायला लागली, की अ‍ॅपचं बघू.

कारण सेव्हिंग्ज सहाच महिन्यांची आहेत. त्यातले चार अ‍ॅप बनवण्यात गेले, तर भाजी चाखून बघायला वेळ कधी मिळणार? डबा चविष्ट असेल, तर लोक लिंकवरूनही मागवतील. बेचव असेल, तर आयकॉन कितीही चकाचक असू दे, अनइन्स्टॉल करायला दोन सेकंद पुरतात!