पस्तीस अडथळे आणि ललिता बाबर

नेरूळला पाम बीच रस्त्यावर रविवारी पहाटे पळणाऱ्यांना मुंबई मॅरेथॉनचं सगळं पाठ असतं. ललिता बाबर हे नावही त्यांना ठाऊक असतं, पण मॅरेथॉनवाली म्हणून. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत ती पहिली आली होती. तिची खरी कमाई मात्र त्यानंतरची आहे, ट्रॅकवरची.

माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी तिसऱ्या विजेतेपदानंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. शंभर मीटरच्या शर्यतीतलं हर्डल पाय लागला की पडतं. स्टीपलचेसमधला जाडजूड ओंडका पडत नाही, पडतो तो धावणारा. महिलांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. दमछाक झालेली असताना, समोर चार-पाच जणींच्या पाठी असताना, पाऊल नेमकं कुठे पडणार हे ठरवायचं. मॅरेथॉनचा दम इथे कामी येतो, पण तेवढ्यावर भागत नाही.

फळ लगेच मिळालं. २०१४च्या इंचॉन एशियाडमध्ये ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्य. पहिली आलेली बहरीनची रूथ जेबेट आधी बाद ठरली, मग तिचं सुवर्ण तिला परत मिळालं. त्यामुळे ललिताचं रौप्य काही तासांचंच ठरलं. पुढच्या वर्षी वुहानला ती आशियाई विजेती झाली आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठून आठवी आली. प्रशिक्षक होते निकोलाय स्नेसारेव. घरचीच स्पर्धक सुधा सिंग पाठ सोडत नव्हती. २०१६च्या मे महिन्यात शांघायला सुधाने राष्ट्रीय विक्रम पुन्हा स्वतःकडे नेला. माझ्या मते ललिता एवढी वेगवान झाली त्यात या चढाओढीचा वाटा मोठा आहे.

ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ललिताने ९:१९.७६ची वेळ दिली. विक्रम परत तिच्याकडे, शिवाय अंतिम फेरी. १९८४ला पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्समध्ये शतांश सेकंदाने चौथी आली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिक ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय महिला दिसत होती. महिलांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९८४ला, आणि स्टीपलचेस २००८ला. जुन्या शर्यतींत इतर देश पिढ्यान् पिढ्या पुढे निघून गेलेले. नव्या शर्यतीत शिरायला थोडी फट असते. दोघी त्या फटीतून आत गेल्या. यात नशीब कमी आणि अचूक निवड जास्त, असं मला वाटतं. पंधरा ऑगस्टच्या अंतिम फेरीत ललिता ९:२२.७४ वेळ देऊन दहावी आली.

दुसरं ऑलिंपिक तिच्या वाट्याला आलं नाही. राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी नेमलं. रायगडमधल्या माणगावला तिने तहसीलदाराचं कामही पाहिलं. रिओतला विक्रम सात वर्षं टिकला. २०२३च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ची वेळ देऊन तो मोडला.