गोठ्यांतील विजेची गळती व अर्थिंगची व्यवस्था

विहिरीवर मोटार व गोठ्यांत दिवा ही चंदगड तालुक्यांत आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. परंतु वीज घेतांना जी आस्था दिसते, ती अर्थिंगच्या कामीं दिसत नाहीं, हें आम्हांस खेदानें लिहावें लागतें.

म्हैस हौदाशीं जाऊन पाणी न पितां मागें सरते, धारेच्या वेळीं लाथा झाडते, दूध चोरते. मग घरचीं माणसें दृष्ट काढतात. अशा वेळीं आधीं विजेकडे पाहावें. तारेचें वेष्टण झिजलें म्हणजे वीज लोखंडी नळांत, हौदांत व ओल्या जमिनींत उतरते. जनावराचे पाय अनवाणी व त्यांत अंतर पुष्कळ. म्हणून चपला घातलेल्या माणसास ज्याचा पत्ताही लागत नाहीं, तो धक्का गुरांस बसतो. गळती वाढल्यास जीव जातो.

आपल्याकडील जांभ्या दगडाची भूमि उन्हाळ्यांत कोरडी पडली, कीं वीज सहज वाहूं देत नाहीं. हिशेब सोपा आहे. दाब २३० व्होल्ट आणि जमिनींतील वाटेचा एकूण रोध १०० ओहम असल्यास प्रवाह अवघा २.३ अँपिअर, तेवढ्यानें दहा अँपिअरचा फ्यूज उडत नाहीं व मोटारीचें कवच जिवंतच राहतें. रोध ५ ओहम असल्यास प्रवाह ४६ अँपिअर होऊन फ्यूज उडतो.

सबब गुरांपासून दूर, ओलसर जागीं, किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा व अडीच मीटर लांबीचा जस्ती नळ उभा पुरावा. भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर द्यावे आणि उन्हाळाभर त्यांत पाणी घालावें. मोटार, स्टार्टरची पेटी, नळ व लोखंडी गव्हाण हीं सर्व त्यास तारेनें जोडावीं. जांभ्या जमिनींत एवढ्यावर विसंबूं नये; गोठ्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचें आरसीसीबी हें गळती पकडणारें उपकरणही बसवावें.

कोणी न्यूट्रलऐवजीं जमिनींत सळई ठोकून मोटार चालवितात. ही चाल प्राणघातक आहे. त्या सळईभोंवतालची भूमीच विजेनें भारली जाते. खांबाच्या ताणास गुरें बांधणेंही तितकेंच वाईट.

वैशाखांत, जमीन अगदीं कोरडी असतां, परवानाधारक वीजतंत्र्याकडून रोध मोजून घ्यावा. पावसाळ्यांतील मोजणी फसवी असते. या कामाचा खर्च एका दुभत्या म्हशीच्या किमतीपुढें अल्प आहे, आणि धार काढणाऱ्या माणसाच्या जिवास तर मोलच नाहीं.