रन-फ्लॅट टायर: पंक्चर झालं तरी गाडी पळते, पण किती लांब आणि कितीला?

सेकंड हँड गाड्यांच्या ॲपवर स्क्रोल करताना तुम्हीही हे बघितलं असेल. नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या किमतीत सहा-सात वर्षं जुनी जर्मन सेडान मिळते. फोटो चकाचक, लेदर सीट, सनरूफ. मीही असाच भुललो आणि दोन वर्षांपूर्वी एक घेतली. इंजिन, सर्व्हिस हिस्टरी, इन्शुरन्स, सगळं तपासलं. टायर मात्र फक्त "किती घासलेत" एवढंच बघितलं. ते रन-फ्लॅट आहेत हे विकणाऱ्याने कौतुकाने सांगितलं, "सर, पंक्चर झालं तरी टेन्शन नाही, गाडी पळतच राहते." वाक्य खरं होतं, पण अर्धं.

उरलेलं अर्धं मला महाडला कळलं. त्याची किंमत त्र्याहत्तर हजार रुपये. ती कशी लागली ते सांगतो, पण आधी हे टायर काम कसं करतात ते बघू.

साधा टायर आणि रन-फ्लॅट यांत फरक काय?

साध्या ट्यूबलेस टायरमध्ये गाडीचं वजन खरं तर रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साईडवॉल, दबते आणि रिम जवळजवळ रस्त्याला टेकते. तशी गाडी थोडी जरी चालवली तरी टायर फाटतो आणि रिमही वाकते.

रन-फ्लॅटमध्ये ही साईडवॉल आतून जाड आणि कडक रबराने मजबूत केलेली असते. हवा शून्य झाली तरी ही भिंत गाडीचं वजन पेलते. बहुतेक कंपन्या सांगतात ती मर्यादा अशी: ताशी जास्तीत जास्त ८० किलोमीटर वेग आणि जास्तीत जास्त ८० किलोमीटर अंतर. गाडीत माणसं आणि सामान भरलेलं असेल, ऊन कडक असेल, तर हे अंतर आणखी कमी धरायचं.

मर्यादा का? कारण उष्णता. हवा नसताना चाकाच्या प्रत्येक फेरीत साईडवॉल दबते आणि सुटते. एखादी तार सतत वाकवून सरळ केली की ती गरम होते, तसंच इथे होतं. वेग आणि वजन वाढलं की उष्णता वाढते आणि रबर आतून खराब व्हायला लागतं. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिग्रेडेड मोड म्हणतो. एक सर्व्हर पडला तरी ॲप पूर्ण बंद पडत नाही, हळू चालतं. पण त्याचा अर्थ "सगळं ठीक आहे" असा नसतो. "लवकर दुरुस्त करा, वेळ मोजका आहे" असा असतो.

मग गाडीला कळतं कसं?

टायर बसलेला दिसत नाही, त्यामुळे नुसतं बघून पंक्चर ओळखता येत नाही. म्हणून रन-फ्लॅटसोबत टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, लागतेच. ती दोन प्रकारची असते.

पहिली डायरेक्ट. प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो हवेचा खरा दाब मोजून डॅशबोर्डवर पाठवतो.

दुसरी इनडायरेक्ट. यात हवा मोजणारा सेन्सरच नसतो. एबीएससाठी चाकांचा वेग मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्यावरूनच गाडी अंदाज बांधते. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त वेगाने फिरतं. गाडी तो फरक पकडते आणि दिवा लावते. किती पीएसआय उरली ते ती सांगू शकत नाही.

आणि महत्त्वाचं: इनडायरेक्ट यंत्रणेला "नॉर्मल म्हणजे काय" हे आपण शिकवावं लागतं. हवा भरल्यावर मेन्यूत जाऊन रीसेट करायचं असतं. नाही केलं तर ती जुन्या आकड्यांशी तुलना करत बसते आणि भलत्या वेळी दिवा लावू शकते. माझी गाडी या प्रकारची. पेट्रोल पंपावर हवा भरायची आणि निघायचं, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे आधी दोनदा दिवा लागला होता आणि दोन्ही वेळा काहीच निघालं नव्हतं.

महाडची रात्र

चिपळूणला चुलत बहिणीचा साखरपुडा होता, सकाळी अकराचा मुहूर्त. आदल्या संध्याकाळी मी, आई, बाबा आणि धाकटी बहीण पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघालो. घाट उतरून निजामपूरच्या जवळ आलो आणि टायरचा पिवळा दिवा लागला.

बाबा म्हणाले, "अरे, थांबून बघू या का?"

मी म्हटलं, "बाबा, हा असाच लागतो. आणि तसंही टायर रन-फ्लॅट आहेत."

स्टिअरिंग नेहमीसारखं, आवाज नाही, खेचणं नाही. मी माणगाव पार केलं, महामार्गावर नव्वद-पंच्याण्णवने गाडी हाणली आणि महाडला चहाला थांबलो. उतरल्यावर जळक्या रबराचा वास आला. मागच्या डाव्या टायरला हात लावला तर चटका बसला. जवळपास चाळीस किलोमीटर मी गाडी हवेविना, चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन, वेगमर्यादा मोडून पळवली होती.

शेजारीच पंक्चरवाला होता. टायरमध्ये एक छोटासा स्क्रू घुसला होता. नेहमीच्या टायरला हे दोनशे रुपयांचं काम: स्ट्रिप मारायची, हवा भरायची, निघायचं. पण त्याने टॉर्च धरून साईडवॉलवर बोट फिरवलं. गोल कड्यासारखी सुरकुती पडली होती.

"दादा, स्ट्रिप मारून देतो म्हटलं तर दोन मिनिटांचं काम. पण आतलं रबर गेलंय बघा. घरची माणसं आहेत ना गाडीत? मग नका नेऊ पुढे."

"आतून काढून बघता येईल का?"

"हा लोखंडासारखा कडक असतो. माझ्या मशीनवर काढायला गेलो तर रिमला मार बसेल. याला पुण्या-मुंबईचं मशीन लागतं."

दोनशे रुपये मिळत असताना त्याने नाही म्हटलं, याबद्दल मी आजही त्याचा आभारी आहे.

स्टेपनी? गाडीत नव्हतीच. रन-फ्लॅट आहेत म्हणून कंपनीने दिलीच नाही, डिकीखाली तिच्यासाठी खड्डाही नाही. दोन-तीन दुकानदारांना फोन लावले. माझ्या साइजचा टायर, तोही रन-फ्लॅट, महाडला नाही आणि चिपळूणला "मागवून देतो, तीन दिवस लागतील". रात्र लॉजवर काढली. पहाटे आई, बाबा आणि बहीण एसटीने पुढे गेले. मी फ्लॅटबेड गाडीची वाट बघत महाडला थांबलो. साखरपुडा मी फोनवर व्हिडिओ कॉलने बघितला, तोही नेटवर्क येत-जात.

८० किलोमीटर म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

या सगळ्यातून मला समजलेली मुख्य गोष्ट ही. ८० किलोमीटर हे घरापर्यंतचं अंतर नाही. तुमच्या साइजचा रन-फ्लॅट टायर स्टॉकमध्ये असलेल्या आणि तो बसवायचं मशीन असलेल्या दुकानापर्यंतचं ते अंतर आहे. मी वेळीच थांबून ऐंशीच्या आत गाडी चालवली असती, तरी महाडपासून असं दुकान ८० किलोमीटरमध्ये नव्हतंच. मात्र पंक्चर स्ट्रिपने निघण्यासारखं राहिलं असतं. ती चूक शंभर टक्के माझी.

जर्मनीत किंवा मुंबई-पुण्यात हे गणित जमतं. कोकण, मराठवाडा, विदर्भाच्या लांब रस्त्यांवर जमेलच असं नाही.

हा प्रॉब्लेम फक्त आपल्याकडचाच आहे असंही नाही. मिशेलिन कंपनीने पॅक्स नावाची एक वेगळी रन-फ्लॅट यंत्रणा आणली होती. त्यात टायरच्या आत आधार देणारं एक कडं असायचं. अमेरिकेत २००५ च्या होंडा ओडिसीच्या टूरिंग मॉडेलला ती मिळायची. टायर चालायचा, पण दुरुस्त करायला खास मशीन लागायचं आणि ते मोजक्याच ठिकाणी असायचं. वैतागलेले मालक कोर्टात गेले आणि पुढे कंपनीने ती यंत्रणा विकसित करणं थांबवलं. तंत्रज्ञान कितीही भारी असलं तरी त्याला सांभाळणारं गल्लीतलं दुकान नसेल तर भुर्दंड ग्राहकालाच.

खर्चाचा हिशोब

पुण्यात टायर काढला तेव्हा आतून मूठभर काळा रबराचा भुगा निघाला. तोच टायर परत वापरायचा प्रश्नच नव्हता. माझी साइज २२५/४५ आर १८. दुकानात मिळालेले भाव असे:

- रन-फ्लॅट: एक टायर २४,५०० रुपये. मागचे दोन्ही एकसारखे हवेत म्हणून जोडी, ४९,००० रुपये.
- त्याच साइजचा चांगला साधा ट्यूबलेस: एक टायर १३,००० रुपये. चारही बदलले तर ५२,००० रुपये.

म्हणजे दोन रन-फ्लॅटच्या पैशांत जवळपास चार साधे. मग फक्त मागचे दोन साधे घालून पैसे का नाही वाचवले? कारण दोन्ही प्रकार मिसळणं धोक्याचं. साईडवॉलचा कडकपणा वेगळा, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक मारताना गाडीचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा वागतो.

मी चारही साधे घेतले. पूर्ण बिल असं झालं: टायर ५२,०००, फ्लॅटबेड ७,२००, लॉजच्या दोन खोल्या २,४००, वापरलेली स्टेपनी ९,०००, हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट २,८००. एकूण ७३,४०० रुपये. एका स्क्रूपायी.

बदलून काय मिळालं, काय गेलं?

मिळालं ते म्हणजे आराम. २२५/४५ मध्ये ४५ म्हणजे साईडवॉलची उंची ही रुंदीच्या ४५ टक्के. गणित केलं तर जेमतेम १०१ मिलिमीटर. एवढ्याशा भिंतीला कडक रबर भरलं की खड्ड्याचा दणका थेट कंबरेत. रन-फ्लॅट वजनानेही जड असतात, त्यामुळे सस्पेन्शनवर ताण येतो. साधे टायर टाकल्यावर आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता गाडी गाडीसारखी वाटते."

गेलं ते म्हणजे सुरक्षिततेचा एक थर. रात्री दोन वाजता एक्सप्रेसवेवर, पावसात, कडेला उभं राहून चाक बदलणं जिवावर बेतू शकतं. रन-फ्लॅट तुम्हाला तिथून बाहेर काढतो, गाडीवरचा ताबाही टिकवतो. हा फायदा खरा आहे. तुमचं फिरणं शहरात आणि मुंबई-पुणे पट्ट्यात असेल, तर तेच टायर ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. माझं गाव चिपळूणकडे, म्हणून माझा निर्णय वेगळा. स्टेपनी आता लांबच्या प्रवासात डिकीत पट्ट्याने बांधून नेतो, अर्धी डिकी ती खाते.

गाडी घेण्याआधी फोन काढा आणि हे तपासा

१. फोनचा टॉर्च लावून साईडवॉल वाचा. आरएफटी, झेडपी, एसएसआर, आरओएफ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर टायर रन-फ्लॅट. कंपनीप्रमाणे खूण बदलते. चारही चाकं बघा, कुणी मधेच प्रकार मिसळलेला असू शकतो.

२. टायरचं वय बघा. साईडवॉलवरच्या डीओटी कोडमधले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

३. तुमची साइज टाकून दोन्ही प्रकारांचे भाव तिथेच उभं राहून शोधा. टायर बदलायला आले असतील तर ती रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून मागा.

४. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. रन-फ्लॅट नसतानाही ती नसू शकते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्ती किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना तेव्हापासून स्टेपनीची सक्ती नाही.

५. टीपीएमएस कोणत्या प्रकारची आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. इनडायरेक्ट असेल तर हवा भरल्यावर प्रत्येक वेळी रीसेट करा.

६. इन्शुरन्समध्ये टायरचं ॲड-ऑन घेत असाल तर अटी वाचा. साधं पंक्चर त्यात बहुधा धरत नाहीत.

आणि शेवटचं, जे पैशांत मोजता येत नाही. टायरचा दिवा लागला की थांबा. आधी दोनदा खोटा लागला असला तरी तिसऱ्यांदाही उतरा, टायर बघा, हवा तपासा. पाच मिनिटं जातात. मी ती वाचवली आणि घरातला साखरपुडा चुकवला.

तुमचा एखादा मित्र सध्या स्वस्तातली जर्मन गाडी शोधत असेल, तर टोकन देण्याआधी हा लेख त्याला पाठवा.