आठ तारांचा अभ्यास

घरातलं वायफाय मंदावलं की राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढं नेटवर्कचं ज्ञान आता घरोघरी असतं. त्यापुढे शिकायची इच्छा झालेला माणूस बहुतेक वेळा जाड पुस्तकं आणतो आणि ‘सात थरांच्या’ आकृतीपाशीच अडकतो. माझं मत असं, की सुरुवात हातापासून करावी. थोडी केबल, मूठभर आरजे-४५ कनेक्टर, एक क्रिंपिंग टूल आणि एक साधा टेस्टर एवढी सामग्री पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं.

केबलचं वरचं आवरण सोलून पाहा. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. हा पीळ ग्रॅहम बेलच्या काळापासूनचा; 1881 मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. म्हणून कनेक्टर बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही.

आता रंगांचा क्रम. नेहमीच्या ‘बी’ पद्धतीत पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तारा आत जायचं तोंड आपल्याकडे धरलं, की पहिली तार डावीकडे येते. तारा समान कापून टोकापर्यंत सरकवायच्या, बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या पकडीत आलं पाहिजे, मग टूल दाबायचं.

याचा उपयोग लगेच दिसतो. शंभर मेगाबिटच्या जोडणीला 1, 2, 3 आणि 6 या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर नेट बंद पडत नाही, बहुधा मुकाट्याने शंभरवर उतरतं. तक्रार कंपनीकडे जाते आणि दोष भिंतीमागच्या तारेत असतो.

केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडावी. आत चंदेरी रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते लवकर तुटतं, आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीजही द्यायची असेल, तर जास्त तापतं. तांब्याची केबलही एका सलग टप्प्यात 100 मीटरपर्यंतच धरायची. त्यापुढे मध्ये स्विच किंवा मग फायबर.

तारेनंतर डबे. बाहेरून आलेल्या फायबरमधला प्रकाश विजेच्या संकेतांत बदलतो तो ओएनटी. आपलं घर आणि बाहेरचं जग यांच्यात वाट काढून देतो तो राउटर. घरगुती राउटरच्या पोटात स्विच आणि वायफायचा ॲक्सेस पॉइंटही असतो, पुष्कळदा ओएनटीसुद्धा. नवख्याचा गोंधळ होतो तो इथेच.

या तारांवरून यंत्रं ज्या पद्धतीने बोलतात, त्या इथरनेटचा जन्म 1973 मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही त्यातली मोठी नावं. तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलवर बोलत आणि दोघं एकदम बोलले की टक्कर होई. पुढे आलेला हब दवंडीवाल्यासारखा: एकाचा निरोप साऱ्या गावाला. स्विच मात्र प्रत्येक यंत्राचा 48 बिटांचा मॅक पत्ता आणि तो कुठल्या पोर्टवर आहे हे टिपून ठेवतो आणि निरोप तिथेच पोचवतो. असा पहिला इथरनेट स्विच 1990 मध्ये ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, आणि कंपनीला नाव त्यांच्या पत्नीचं.

एवढं समजलं की बिघाड शोधायचा क्रमही ठरतो. आधी पोर्टचा दिवा पाहायचा. तो पेटत नसेल, तर केबल बदलून बघायची, मग पोर्ट, मग डबा. दिवा पेटतोय आणि वेगही पूर्ण आहे, तेव्हाच सेटिंगला हात घालायचा. आयपी पत्ते, सबनेट वगैरे शिकायला त्यानंतर बसावं. तोवर निदान पायाखालची तार पक्की असते.