टीव्हीमागचा छोटा संगणक

पेडण्याच्या जत्रांतला दशावतार आता कुणी ना कुणी मोबाइलवर टिपतोच. मग ते नाटक पेनड्राइव्हवर पडून राहते, कारण जुन्या टीव्हीला ती फाइल उघडताच येत नाही. इथे रास्पबेरी पाय कामाला येतो. पत्त्यांच्या जोडाएवढा हा स्वस्त संगणक ब्रिटनमध्ये २०१२ साली मुख्यतः शाळकरी मुलांसाठी निघाला. २०१९च्या चौथ्या आवृत्तीपासून तो फोर-के चित्रही दाखवतो. मेमरी कार्डावर लिब्रेइलेक ही फुकट प्रणाली चढवायची, केबल टीव्हीला जोडायची, की कोडी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम सुरू. केबलचे एक टोक मायक्रो एचडीएमआय हवे. दुकानात बहुधा साधीच हातात पडते. टीव्हीत सीईसीची, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने जोडलेले यंत्र चालवण्याची, सोय असली तर वेगळा रिमोटही लागत नाही.

खरी अडचण विजेची. ऐन पावसात ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि कार्डावर काही लिहिले जात असताना गेली तर कार्ड बिघडू शकते. म्हणून नाटके वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, चौथ्या आवृत्तीसाठी चार्जर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच घ्या, जमल्यास छोटा यूपीएसही. नुसते ओटीटीच बघायचे असेल, तर मात्र साधी टीव्ही स्टिक बरी.