वेबपृष्ठावर फाइल ओढून सोडण्याची सोय : कार्यपद्धती आणि मर्यादा

संगणकावरील फाइल माउसने ओढून वेबपृष्ठावरील चौकटीत सोडली की ती अर्जाला जोडली जाते, ही सोय आता सर्वपरिचित आहे. विद्यार्थ्यांचे स्वाध्याय व प्रकल्प-अहवाल अशा पृष्ठांवरून स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांनी तिची कार्यपद्धती जाणून घेणे अगत्याचे ठरते.

अर्जातून फाइल पाठविण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजाद्वारे मांडली गेली. ओढून सोडण्याची यंत्रणा मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आणली व पुढे एचटीएमएल ५ मध्ये तिला प्रमाणित रूप लाभले. जीमेलने एप्रिल २०१० मध्ये याच रीतीने पत्राला फाइल जोडण्याची सोय दिली.

फाइल चौकटीवरून फिरत असताना ब्राउझर 'ड्रॅगओव्हर' ही घटना पुनःपुन्हा कळवितो आणि ती सोडताच 'ड्रॉप' ही घटना घडते. या दोन्ही वेळी ब्राउझरची मूळ कृती 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' या आज्ञेने रोखावी लागते. पहिल्या घटनेत ती रोखली नाही, तर दुसरी घटना पृष्ठापर्यंत पोहोचतच नाही. नवशिक्या प्रोग्रामरची नेमकी येथेच फसगत होते. त्याहून गंभीर प्रश्न नेम चुकण्याचा. फाइल चौकटीच्या बाहेर बोटभर अंतरावर पडली, तर ब्राउझर तीच फाइल उघडू पाहतो. काही वेळा अर्जाचे पृष्ठ दूर होते आणि तासभर खपून भरलेला मजकूर नाहीसा होण्याचा धोका उद्भवतो. म्हणून हा प्रतिबंध केवळ चौकटीवर न लावता संपूर्ण पृष्ठावर लावणे इष्ट. सोडलेल्या फाइलींची यादी 'डेटाट्रान्स्फर' या घटकातून मिळते. ती फाइल निवडण्याच्या नेहमीच्या घटकात ठेवली, की पुढील कामासाठी जुना अर्जच पुरतो. मात्र त्यामुळे आधीची निवड पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे.

फाइलींचा प्रकार मर्यादित करणारी 'ॲक्सेप्ट' ही सूचना पृष्ठाने स्वतः हाताळलेल्या, ओढून सोडलेल्या फाइलींना लागू होत नाही. प्रकार व आकार यांची तपासणी सर्व्हरवर करणे अपरिहार्यच आहे, कारण ब्राउझरमधील कोणतीही तपासणी टाळता येते. पीएचपीमध्ये एका फाइलीची मूळ मर्यादा केवळ २ एमबी असते. छायाचित्रांनी भरलेला अहवाल ती सहज ओलांडतो. अशा वेळी कारण न सांगता फाइल नाकारणारे पृष्ठ विद्यार्थ्याची मुदत हुकवू शकते.

केवळ ओढण्यावर विसंबलेली रचना मात्र सदोषच मानावी लागते. ज्यांचा हात थरथरतो अथवा जे पडदा-वाचकाच्या साहाय्याने काम करतात, त्यांना माउसने ओढणे अवघड वा अशक्य असते. मोबाइलवरही ही क्रिया सहसा सोयीची नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक तत्त्वांतील २.५.७ हा निकष ओढण्याच्या क्रियेला साध्या टिचकीचा पर्याय मागतो. तेव्हा चौकटीत 'फाइल निवडा' हे जुने बटण कायम ठेवावे. ते कळफलकानेही चालत असल्याची खात्री करून घ्यावी, आणि फाइल जोडली गेल्याची सूचना केवळ रंगबदलाने न देता शब्दांत द्यावी.