जुनी फाईल जपून ठेवा

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "माझ्या जाऊबाईंना आठ वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. बऱ्या झाल्या. आता डोक्यात गाठ निघाली. एक कॅन्सर होऊन गेलाय, मग आता आशाच नाही का?"

असं सरसकट म्हणता येत नाही, ताई. आधी गाठ कुठली ते कळायला हवं. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन वाढू शकतात, कधी कधी कित्येक वर्षांनी. गाठ मेंदूत असली तरी तो कॅन्सर स्तनाचाच, आणि औषधही त्यानुसारच. दुसरी शक्यता म्हणजे मेंदूतच नव्याने सुरू झालेला कॅन्सर. त्याचे उपचार निराळे. एमआरआयवरून अंदाज येतो, पण खात्रीसाठी बहुतेक वेळा गाठीचा तुकडा तपासावा लागतो.

मेंदूचाच कॅन्सर असेल, तर पेशंट किती जगेल हे मुख्यतः गाठीचा प्रकार, वय, अंगातली ताकद आणि ऑपरेशनमध्ये गाठ किती काढता आली यावर ठरतं. ग्लायोब्लास्टोमा हा फार वेगानं वाढणारा प्रकार. त्यात सगळे उपचार घेऊनही निम्मे पेशंट साधारण सव्वा वर्षातच जातात. ऐकायला कठीण आहे, पण खरं आहे.

मग जुन्या कॅन्सरचा संबंध कुठे येतो? काही केमोंनी हृदय कमजोर होतं. डोक्याला आधी रेडिएशन दिलं असेल, तर पुन्हा किती द्यायचं याला मर्यादा येते. लहानपणी रक्ताच्या कॅन्सरसाठी डोक्याला रेडिएशन घेतलेल्यांना पुढे मेंदूत गाठ होण्याचा धोकाही वाढतो. डॉक्टरांना हे माहीतच नसेल, तर उपचार चुकू शकतो.

आणि आपण नेमकं हेच लपवतो. मुलीचं लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, म्हणून फाईल पेटीच्या तळाशी जाते. तसं करू नका. बायोप्सीचा रिपोर्ट, केमोच्या औषधांची नावं, रेडिएशनचे कागद पहिल्याच भेटीत दाखवा. हरवले असतील तर जुन्या हॉस्पिटलात मागा.

कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचं सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होत असेल, फिट आली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पित्त म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या आणि योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा.

त्या ताईंनी घरी जाऊन जाऊबाईंची पेटी उघडली. मैत्रिणींनो, तुमच्या घरची फाईल कुठे आहे, तेवढं आज बघून ठेवा.